अंतराळयानात बाई नको म्हणणाऱ्या साहेबाला १९५० सालच्या एका कॉमिकनं गप्प केलं होतं

इंद्रजाल कॉमिक्सचे अंक भाड्यानं आणून वाचणारी पिढी अजून आपल्या आसपास आहे. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही नावं काढली की त्यांचे डोळे चमकतात.

त्यांना एकदा विचारून बघा, या कॉमिकमधल्या बायका नेमकं काय करायच्या?

वेताळच्या डायना पामरसारखा एखादा अपवाद सोडला तर उत्तर ठरलेलं असतं. खलनायकानं पळवून न्यायचं, कुठंतरी डांबून ठेवायचं आणि हिरो येईपर्यंत तिनं घाबरून बसायचं. अंतराळातल्या कथांमध्ये तर हा प्रकार आणखी वाढलेला. यान चालवणार पुरुष, यंत्र बनवणार पुरुष, आणि बाईच्या अंगावर अंतराळात थंडी वाजेल इतके कमी कपडे.

पण १९५० साली इंग्लंडमध्ये एक साप्ताहिक निघालं. त्याच्या पहिल्याच पानावर एक विज्ञानकथा सुरू झाली आणि त्या कथेतल्या मोहिमेवर एक बाई निघाली. ती कोणाची बायको नव्हती, प्रेयसी नव्हती, कोणाला सोडवून आणायची राजकन्याही नव्हती. त्या कामासाठी सगळ्यात लायक माणूस तीच होती म्हणून ती निघाली होती.

तिचं नाव प्रोफेसर जोसेलिन पीबडी. आणि तिला कागदावर आणणाऱ्या चित्रकाराचं नाव फ्रँक हॅम्पसन.

हॅम्पसनचा जन्म २१ डिसेंबर १९१८ चा, मँचेस्टरजवळच्या ऑडेनशॉ गावातला. वडील पोलिसात होते. पुढं हे कुटुंब समुद्रकाठच्या साउथपोर्ट शहरात राहायला गेलं. शाळा लवकर सुटली आणि पोरगा पोस्टात तारा वाटायच्या कामाला लागला. पण हाताला चित्रकलेचं वेड होतं. शाळकरी वयातच त्याची चित्रं मेकॅनो मॅगझिनमध्ये छापून आली होती. नोकरी सांभाळून चित्रं काढणं चालूच राहिलं आणि पुढं तो साउथपोर्टच्या कलाशाळेत शिकायलाही गेला.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं.

हॅम्पसन सैन्याच्या रसद पुरवणाऱ्या दलात गेला. डंकर्कमधून माघार घेणाऱ्या फौजेत तो होता, आणि नंतर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेतही होता. युद्धाच्या शेवटी बेल्जियममधल्या अँटवर्पमध्ये असताना त्यानं जर्मनांची व्ही-२ रॉकेट पाहिली. बाकीच्यांना त्या रॉकेटमध्ये मरण दिसत होतं. हॅम्पसनलाही दिसत होतं, पण त्यासोबत आणखी एक गोष्ट दिसली. हे यंत्र एक दिवस माणसाला पृथ्वीच्या बाहेर घेऊन जाणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

युद्ध संपलं. लग्न झालं होतं, घरात लहान मुलगा आला होता, खिशात फारसं काही नव्हतं. हॅम्पसन पुन्हा कलाशाळेत जाऊन बसला आणि मिळतील ती कामं करू लागला.

इथं त्याला भेटला एक पाद्री.

साउथपोर्टच्या बर्कडेल भागातल्या चर्चमध्ये मार्कस मॉरिस नावाचा तरुण पाद्री होता. या माणसाला चर्चपेक्षा छापखान्याचा नाद जास्त होता. आपल्या चर्चचं साधं पत्रक त्यानं वाढवून वाढवून द अँव्हिल नावाचं चकाचक मासिक करून टाकलं होतं आणि त्या हौसेपायी तो कर्जात बुडाला होता. या मासिकासाठी चित्रं काढायला त्यानं हॅम्पसनला बोलावलं.

त्या काळात अमेरिकेतून भयकथांची कॉमिक्स इंग्लंडमध्ये येत होती. खून, रक्त, छळ आणि त्या छळात बहुतेक वेळा बाई. मॉरिसनं १९४९ साली एका वर्तमानपत्रात या कॉमिक्सविरुद्ध जोरदार लेख लिहिला. (पुढं १९५५ साली ब्रिटिश संसदेनं अशा कॉमिक्सविरुद्ध कायदाच केला, इतका तो विषय पेटला होता.)

पण मॉरिसचं म्हणणं बंदीपुरतं नव्हतं. पोरांच्या हातातलं वाईट काढून घ्यायचं असेल तर त्याहून भारी काहीतरी त्यांच्या हातात द्यायला पाहिजे, असं त्याचं मत होतं. आणि ते भारी काहीतरी काढणारा माणूस त्याच्या शेजारीच बसला होता.

सुरुवातीला दोघांनी ठरवलं की लंडनच्या गरीब वस्तीत गुंडांशी दोन हात करणाऱ्या एका पाद्र्याची कथा करायची. मग तो पाद्री अंतराळात गेला. मग हॅम्पसननं त्याचा पाद्र्याचा पांढरा पट्टाच काढून टाकला आणि त्याला वैमानिक केलं. असा जन्मला डॅन डेअर, आंतरग्रहीय अंतराळ दलाचा कर्नल.

साप्ताहिकाला नाव पाहिजे होतं. ते सुचवलं हॅम्पसनच्या बायकोनं, डोरोथीनं. चर्चमध्ये बायबल ठेवायला गरुडाच्या आकाराचं पितळी स्टँड असतं, त्यावरून तिनं नाव दिलं, ईगल.

मॉरिस नमुना अंक काखेत मारून लंडनमधल्या प्रकाशकांचे उंबरे झिजवत फिरला. बऱ्याच ठिकाणी नकार मिळाला. शेवटी हल्टन प्रेसनं तार केली की आता दुसऱ्या कोणाकडं जाऊ नका.

१४ एप्रिल १९५० ला पहिला अंक आला आणि जवळपास नऊ लाख प्रती गेल्या.

आता त्या कथेकडं बघू.

साल आहे १९९६. पृथ्वीवर माणसं वाढली आहेत आणि अन्न कमी पडतंय. शुक्रावर अन्न मिळेल अशी आशा आहे, पण तिकडं गेलेली यानं एकामागून एक फुटतायत. शेवटची आशा म्हणून एक छोटी तुकडी पाठवायची ठरते.

वाचणाऱ्या पोरांना हे अन्नटंचाईचं प्रकरण समजावून सांगायची गरज नव्हती. ब्रिटनमध्ये युद्ध संपून पाच वर्षं झाली तरी रेशनिंग चालू होतं, ते पूर्ण उठायला १९५४ साल उजाडलं. घरात आई रेशनच्या कुपनांचा हिशोब करतेय आणि पोरगं शुक्रावर अन्न शोधायला निघालेल्यांची गोष्ट वाचतंय, असा तो काळ.

तर अन्न शोधायला जायचं म्हणजे सोबत अन्नातलं आणि वनस्पतींमधलं कळणारा तज्ज्ञ लागणार. सरकारकडून नाव येतं, प्रोफेसर पीबडी. अंतराळ दलाचे प्रमुख सर ह्यूबर्ट गेस्ट एखाद्या चष्मेवाल्या म्हाताऱ्या प्राध्यापकाची वाट बघत असतात. आणि समोर येते एक तरुण बाई.

सर ह्यूबर्ट भडकतात. अशा मोहिमेवर बाई चालणार नाही, हे त्यांचं ठाम मत. पीबडी ना रडते, ना विनवण्या करते. आपण काय शिकलोय, आपल्याला काय येतं ते ती शांतपणे ऐकवते आणि या कामाला आपल्याइतकं लायक दुसरं कोणी नव्हतं म्हणून आपल्याला पाठवलंय, असं सांगून विषय संपवते. साहेबाला ऐकून घ्यावं लागतं. ती यानात चढते.

आज वाचताना हा प्रसंग नेहमीचा वाटेल. पण १९५० साली मुलांच्या, त्यातही मुलग्यांच्या साप्ताहिकात हे छापून येणं अजिबात नेहमीचं नव्हतं. ईगल काढलंच होतं मुलग्यांसाठी. बाई नसती तरी कोणी एका शब्दानं विचारलं नसतं. उलट तेव्हाच्या मुलग्यांच्या कथांमध्ये बाई नसणं हाच नियम होता.

हॅम्पसनला मात्र एकही बाई नसलेली कथा करायचीच नव्हती. हे त्यानं नंतर स्वतः सांगितलंय. बाईला हुशार, कर्तबगार दाखवायचं हे त्यानं ठरवून केलं होतं आणि सर ह्यूबर्टसोबत खटके उडवायला त्याचा उपयोग होईल, हा लेखकाचा हिशोबही त्यात होता.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. सर ह्यूबर्ट गेस्टचा चेहरा हॅम्पसननं कोणावरून काढला होता माहितीय? स्वतःच्या वडिलांवरून. म्हणजे बाईला यानात घ्यायला नको म्हणणारी जुनी पिढी दाखवायची होती, तर त्यानं परका माणूस शोधलाच नाही. घरातलाच प्रेमळ, कडक, रिटायर्ड पोलीसवाला उभा केला. म्हणून सर ह्यूबर्ट खलनायक वाटत नाहीत. चुकीचं बोलणारा, पण समोरचीचं काम बघून मत बदलू शकणारा चांगला माणूस वाटतात. बाईची बाजू घ्यायला पुरुषाला राक्षस करावं लागलं नाही. ही गोष्ट आजच्या भल्याभल्या पटकथाकारांना जमत नाही.

आणि पीबडीचा चेहरा? तोही खऱ्या बाईचा होता.

साउथपोर्टच्या चर्चटाउन भागात एक जुनी बेकरी होती. तिथंच हॅम्पसनचा स्टुडिओ सुरू झाला. वर पत्रा, हिवाळ्यात बोटं गारठायची, उन्हाळ्यात भट्टी. या बेकरीत ग्रेटा टॉमलिन्सन नावाची तरुण चित्रकार कामाला आली. लंडनच्या नामांकित स्लेड कलाशाळेत शिकलेली. तिच्यावरून प्रोफेसर पीबडी काढली गेली.

पण इथं थांबून एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ग्रेटा तिथं मॉडेल म्हणून आली नव्हती, ती चित्रकार म्हणून पगारावर होती. हॅम्पसनची पद्धतच अशी होती की स्टुडिओतले सगळेजण पोझ द्यायचे. तो आधी पूर्ण पानाचं कच्चं चित्र रंगासकट काढायचा. मग त्यातल्या प्रत्येक चौकटीसाठी स्टुडिओतल्या माणसांनी तसं उभं राहायचं, पडायचं, मारामारी करायची, आणि त्याचे फोटो काढायचे. मग फोटो समोर ठेवून पक्कं चित्र. यानांची मॉडेल बनवलेली, पात्रांची डोकी घडवलेली, गणवेश शिवलेले. उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते, सगळं बघून. आठवड्याला फक्त दोन पानं, पण त्यासाठी आख्खी टीम दिवसरात्र राबायची. विज्ञान बरोबर आहे ना हे बघायला सुरुवातीचे काही महिने सल्लागार कोण होते, तर आर्थर सी. क्लार्क!

म्हणजे ग्रेटा सकाळी पीबडी बनून उभी राहायची आणि दुपारी तीच ब्रश घेऊन पान रंगवायला बसायची. स्टुडिओत जोसेलिन थॉमस आणि जोन पोर्टर याही होत्या. कामावर बाई असणं म्हणजे काय हे हॅम्पसनला कल्पनेनं काढावं लागत नव्हतं, ते रोज त्याच्या टेबलासमोर दिसत होतं. पीबडीचा गणवेश बाकीच्यांसारखाच असतो, चित्रात तिचं अंग दाखवायला चौकट वाकवलेली नसते, ती बोलत असते तेव्हा चित्र तिच्या चेहऱ्यावर असतं. यामागचं कारण बरंचसं त्या गारठलेल्या बेकरीत सापडतं.

सगळंच आदर्श होतं असंही नाही. मुख्य टोळीत बाई एकच. ती दिसायला सुंदरच असणार, हेही ठरलेलं. बऱ्याच कथांमध्ये ती मागं पडते, काहींमध्ये जवळपास गायबच होते. हिरो शेवटपर्यंत डॅन डेअरच राहतो. पण ती जेव्हा असते तेव्हा तज्ज्ञ म्हणून असते आणि सहकारी तिला तज्ज्ञ म्हणूनच वागवतात. त्या काळाच्या मानानं हे फार होतं.

किती फार, हे कळायला एक छोटा किस्सा पुरेसा आहे.

ईगल मुलींच्याही हातात जातंय, हे प्रकाशकांच्या लक्षात आलं. म्हणून १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी मुलींसाठी गर्ल नावाचं वेगळं साप्ताहिक काढलं. पहिल्या पानावर किटी हॉक आणि तिच्या सगळ्या बायकाच असलेल्या विमानपथकाची कथा टाकली. ती चालली नाही. थोड्याच दिवसांत तिला मुखपृष्ठावरून हलवलं आणि तिथं शाळेतल्या मैत्रिणींची कथा आली. पुरुषांच्या कथेत पुरुषांची नावं काढून बायकांची घातली की झालं, असा तो हिशोब होता आणि मुलींनी तो ओळखला असावा. पीबडीच्या बाबतीत तसं नव्हतं. तिचं ज्ञान काढून घेतलं तर मोहिमेलाच अर्थ उरत नव्हता.

आणि नशिबाचा भाग बघा. ब्रिटनची पहिली अंतराळवीर १९९१ च्या मे महिन्यात सोव्हिएत यानातून मीर स्थानकावर गेली. तिचं नाव हेलन शार्मन. म्हणजे ब्रिटनमधून अंतराळात जाणारं पहिलं माणूस बाईच निघालं. ती रसायनशास्त्र शिकलेली होती आणि त्याआधी मार्स या चॉकलेट कंपनीत काम करत होती. अन्नाशी संबंध असलेली शास्त्रज्ञ! हॅम्पसन हे बघायला नव्हता.

त्याचं पुढं काय झालं, ते फारसं गोड नाही.

डॅन डेअर तुफान चाललं. रेडिओ लक्झेंबर्गवर त्याची श्राव्यमालिका आली, ती पाच वर्षं चालली. खेळण्यातल्या बंदुका, घड्याळं, कोडी, काय वाटेल त्यावर डॅन डेअरचं चित्र. या सगळ्या पैशातून हॅम्पसनला वाटा मिळत नव्हता. पात्रांचा हक्क प्रकाशकाकडं होता. त्यानं काढलेली मूळ पानंसुद्धा त्याची नव्हती.

त्यात कामाचा ताण. कामात चूक सहन न होणारा माणूस, एक रेघ मनासारखी नसली तर पान पुन्हा करणारा. तो आजारी पडायचा, मग इतरांनी गाडा ओढायचा. १९५२ साली सुरू झालेली बुधावरची कथा तर हॅरॉल्ड जॉन्स आणि ग्रेटा टॉमलिन्सन या दोघांनीच बरीचशी काढली. म्हणजे ग्रेटाचा चेहरा जिच्यावर होता तिची मालिका आता ग्रेटाच्या हातात होती.

आणि थोड्याच काळात त्या दोघांना स्टुडिओ सोडावा लागला. त्यांनी बाहेरची कामं घेतली, हे हॅम्पसनला खपलं नाही. पगार बेताचा, काम अंगावर येणारं, आणि तरी बाहेर काही करायचं नाही, ही अट त्यानं लावली. प्रकाशक त्याच्याशी जे वागत होते त्याचीच ही सावली म्हणावी लागेल. बाईला कागदावर मान देणारा हा माणूस मालक म्हणून सोपा नव्हता, हेही लिहायला पाहिजे.

पुढं स्टुडिओ एप्सममध्ये, हॅम्पसनच्या घरी हलला. डॉन हार्लीसारखे तगडे चित्रकार सोबतीला आले. हॅम्पसनचा मुलगा पीटर आता मोठा झाला होता, त्याच्यावरून फ्लेमर स्प्राय हे पोरसवदा पात्र निघालं. १९५५ ते १९५७ मध्ये आलेली रोग प्लॅनेट ही कथा बरेच जाणकार त्याचं सर्वोत्तम काम मानतात.

१९५९ साली हल्टन प्रेस विकली गेली. नवे मालक ओडहॅम्स. दोन पानांसाठी एवढा मोठा फौजफाटा कशाला, हा त्यांचा प्रश्न. मॉरिस त्याच वर्षी बाहेर पडला. हॅम्पसननंही डॅन डेअर सोडलं. शुक्रापासून शनीपर्यंत ज्या पात्रांना त्यानं फिरवलं ती दुसऱ्यांच्या हातात गेली.

त्यानंतर त्यानं ईगलसाठी येशू ख्रिस्ताचं चरित्र काढलं, ते १९६१ च्या ईस्टरला संपलं. ते संपलं आणि ईगलशी असलेलं नातंही संपलं.

मग लेडीबर्डच्या लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं. बडबडगीतं, राजे-राण्या. सुंदरच काम, पण पोटापुरतं. पुढं कर्करोग झाला, त्यातून तो वाचला. आणि ज्याच्या चित्रांसाठी नऊ लाख घरांत पोरं वाट बघायची तो माणूस एप्समजवळच्या इवेलमधल्या तंत्र महाविद्यालयात ग्राफिक्स तंत्रज्ञाची नोकरी करू लागला.

१९७५ साली इटलीतल्या लुक्का शहरातून बोलावणं आलं. तिथं कॉमिक्सचा मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. जगभरातल्या चित्रकारांसमोर हॅम्पसनला उस्ताद म्हणून गौरवलं गेलं, महायुद्धानंतरचा सर्वश्रेष्ठ चित्रकथाकार म्हणून. स्वतःच्या देशात त्याला एवढ्या वर्षांत कोणी शोधलं नव्हतं. पुरस्कारानंतर मात्र जुने वाचक जागे झाले. ईगल वाचून मोठे झालेले लोक त्याला भेटायला येऊ लागले.

चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या या माणसानं १९७९ साली ओपन युनिव्हर्सिटीची पदवी घेतली. तेव्हा तो साठीत होता.

८ जुलै १९८५ ला एप्सममध्ये फ्रँक हॅम्पसन गेला.

डॅन डेअर मात्र त्याच्या हयातीतच परतलं होतं आणि नंतरही परतत राहिलं. त्यातला एक अवतार भारतीयांच्या ओळखीचा आहे. २००७ साली व्हर्जिन कॉमिक्सनं गार्थ एनिस या लेखकाकडून डॅन डेअर लिहून घेतलं. ही कंपनी उभी करणाऱ्यांमध्ये शेखर कपूर होते आणि तिचा मोठा स्टुडिओ बंगळुरूत होता. त्या कथेत डॅन डेअर निवृत्त होऊन एकटा राहतोय. आणि जिला यानात घ्यायला सर ह्यूबर्ट तयार नव्हते ती जोसेलिन पीबडी सरकारमध्ये गृहमंत्री आहे, पुढं ती ब्रिटनची पंतप्रधान होते.